काठीचं चाक की मोटरचं चाक?

कराडला कृष्णा-कोयनेचा संगम, गाळाची माती जवळच, त्यामुळं आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात कुंभारकाम पिढ्यानपिढ्या चालत आलं. बेंदराचे बैल, घटस्थापनेचे घट, संक्रांतीची सुगडं, हे सगळं त्याच हातांचं.

जुनं चाक म्हणजे जड गोल चकती, कडेच्या खाचेत काठी घालून गरागरा फिरवायचं आणि त्या वजनाच्या जोरावर चाक फिरत असेपर्यंत भांडं उचलायचं, वेग कमी झाला की परत काठी. लाईटबिल नाही, लाईट गेली तरी काम थांबत नाही. पण वाकून वाकून कंबर आणि खांदे पार जातात, हे कुणी बोलतच नाही!

मोटरच्या चाकावर वेग हवा तसा ठेवता येतो, बसून काम होतं, पणत्या-सुगडं पटापट निघतात. खादी ग्रामोद्योग आयोगानं २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण मिशनमध्ये अशी चाकं दिलीत. आणि माती मळणं, भांडी रंगवणं बायकांनी करायचं पण चाक मात्र पुरुषांचं असा रिवाज बऱ्याच ठिकाणी होता, तो आता मोडायला सोपा झालाय, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

माठाला मात्र फार फरक नाही पडत. चाकावर जाडसर आकारच काढतात, खरं पोट आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकून येतं, आणि पाणी गार होतं ते बारीक छिद्रांतून झिरपून वाळल्यामुळं. म्हणून मोटरच्या चाकावरचा माठ नकली म्हणून भाव पाडू नका, प्लीज.