हॉट रॉडला कूलंटची टाकी: साधी, परतीची की दाबाची?

अमेरिकेतल्या गॅरेजात बांधलेली हॉट रॉड, म्हणजे दमदार इंजिन घालून नव्याने बांधलेली जुनी गाडी, म्हटली की बऱ्याचदा १९३२ ची फोर्ड आणि तिच्यात बसवलेलं शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, असा जोड असतो. इंजिन मूळच्यापेक्षा कितीतरी दमदार, पण रेडिएटर मात्र त्या चिंचोळ्या ग्रिलमागे मावेल तेवढाच. म्हणून तापून वाढलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बाहेर नेणारी रेडिएटरच्या तोंडाची बारीक नळी कुठे सोडायची, कुठल्या टाकीत, याचा विचार गाडी बांधतानाच करावा.

टाकी न लावताही गाडी चालते, हे आधी मान्य करू. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड इंजिनांच्या जमान्यातले उभे रेडिएटर असेच चालत. वरच्या टाकीत दोन-तीन बोटं जागा रिकामी ठेवायची, तापून फुगलेलं पाणी त्यात मावतं. काठोकाठ भरलंत, तर जास्तीचं नळीतून जमिनीवर जातं. पण हल्ली हॉट रॉडमध्ये सर्रास बसतो तो आडव्या प्रवाहाचा ॲल्युमिनियम रेडिएटर, आणि त्यात वर अशी मोकळी जागा फारशी नसते. गाडीत पंधरा लिटर कूलंट असेल तर तापल्यावर ते साधारण अर्धा ते पाऊण लिटर वाढतं. ते रस्त्यावर सांडू देणं मला अजिबात पटत नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात.

आता साधी टाकी आणि परतीची टाकी. खरी निवड या दोघींतच आहे, आणि बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. साधी टाकी म्हणजे सांडलेलं झेलणारा डबा. त्यात गेलेलं कूलंट परत येत नाही. इंजिन निवताना रेडिएटर हवा ओढतो आणि डबा तुम्हाला हाताने रिकामा करावा लागतो. ड्रॅग शर्यतीला, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतीला, एवढं पुरतं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत किमान एक पाइंटाचा, म्हणजे सुमारे ४७० मिलिलिटरचा असा डबा लागतोच, कारण ट्रॅकवर सांडलेल्या कूलंटवरून मागच्या गाडीची चाकं घसरतात.

परतीच्या टाकीत तेच कूलंट निवताना पुन्हा रेडिएटरमध्ये खेचलं जातं. रेडिएटर कायम भरलेला राहतो, आत हवा शिरत नाही, गंजही कमी धरतो. त्यासाठी टाकीपेक्षा झाकण महत्त्वाचं. परतीच्या झाकणाला दाबाच्या सीलशिवाय वर आणखी एक सील असतं. ते तोंडाच्या कडेवर घट्ट बसलं तरच आतली पोकळी टाकीतून कूलंट ओढते, नाहीतर कडेवरून हवा घेते. नवी चकचकीत टाकी लावायची आणि झाकण जुनंच ठेवायचं, हे फार वेळा होतं. मग टाकी भरत जाते आणि रेडिएटर रिता होतो. शिवाय नळीचं टाकीतलं टोक तळाजवळ, कूलंटमध्ये बुडालेलं हवं. टाकीला वर हवेसाठी भोकही हवंच.

चौथा मार्ग दाबाच्या टाकीचा. ही वाहत्या कूलंटच्या मार्गातच बसते, गाडीतल्या कूलंटच्या सर्वांत उंच जागी. इंजिन आणि रेडिएटरच्या माथ्याशी साठलेली हवा बारीक नळीने तिच्यात येते आणि तळाची जाड नळी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जाते. दाबाचं झाकण या टाकीवर येतं, रेडिएटरवर नाही. इंजिन जनरल मोटर्सच्या नव्या एलएस मालिकेतलं असेल, किंवा रेडिएटरचं तोंड इंजिनपेक्षा खाली येत असेल, तर हाच मार्ग घ्या. एलएसच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागात, अडकणारी वाफ बाहेर काढायला मुळातच वेगळ्या वाटा दिलेल्या असतात, त्या या टाकीत आणता येतात. खर्च आणि नळ्यांचं काम मात्र वाढतं, आणि हूड नसलेल्या गाडीत ही टाकी लपत नाही.

झाकणाच्या दाबाबद्दल सांभाळून. झाकणाचा दाब पीएसआय या एककात मोजतात; दर एक पीएसआयला उकळबिंदू साधारण दीड-पावणेदोन अंश सेल्सिअसने चढतो, म्हणून १५-१६ पीएसआयचं झाकण नव्या रेडिएटरला छान. जुन्या, डाख दिलेल्या पितळी रेडिएटरला तेच लावलंत तर सांधे उसवतील.

रस्त्यावर चालवायची स्मॉल ब्लॉकवाली गाडी असेल तर माझं मत परतीच्या टाकीला, तेही एक-दीड लिटरची. स्टेनलेसची नळकांडी टाकी सुंदर दिसते, पण पातळी दाखवणारी काच नसेल तर मी ती घेणार नाही. अर्धपारदर्शक प्लास्टिकची, चेसिसच्या बाजूला दडवलेली बरी. मात्र गाडी मुळातच गरम होत असेल तर यांतली कुठलीही टाकी ते बरं करणार नाही. पंखा, त्याचं आवरण आणि रेडिएटर आधी बघा.

बसवल्यावर थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ आणि टाकी एक-तृतीयांश भरा, पातळीवर खूण करा. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून रात्रभर निवू द्या. सकाळी पातळी खुणेवर परत आली तर काम झालं. हवा निघून गेल्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा थोडी उतरेल, तेवढं भरा. टाकीतली पातळी चढलेलीच आणि रेडिएटर उणा दिसला, तर आधी झाकण आणि नळीचे सांधे तपासा. ते ठीक असूनही टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलेलं असू शकतं.