वेक्टरची बेरीज: टोकाला शेपूट जोडून की पॅरलेलोग्राम काढून?

वेक्टर म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेला बाण, आणि पॅरलेलोग्राम म्हणजे समांतरभुज चौकोन. उत्तर दोन्हीकडे एकच येतं हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे नियम परत सांगत नाही. प्रश्न एवढाच की हात कशावर बसवायचा. मी आधी पॅरलेलोग्राम शिकलो, बरेच दिवस तोच वापरला आणि मग सोडला. कारण एकच, पण ते नीट सांगतो.

10 न्यूटनची दोन बलं, मधला कोन 120 अंश. एका बिंदूतून दोन बाण काढले, समोरच्या रेषा टाकून चौकोन पुरा केला, आता कर्ण काढायचा. पण कर्ण दोन असतात! बेरीज म्हणजे काहीतरी मोठंच येणार असं डोक्यात घट्ट बसलेलं, त्यामुळे माझी पेन्सिल लांब कर्णाकडेच जायची, तो मोजला की 17.3 यायचं आणि ते इतकं पटण्यासारखं दिसतं की शंकाच येत नाही. तो दोन टोकं जोडणारा कर्ण, म्हणजे वजाबाकी. बेरीज आखूड कर्णावर आहे, 10 न्यूटन. शेपटं जिथे एकत्र येतात तिथून निघणारा कर्ण घ्यायचा हे मला पाठ होतं, तरी घाईत चूक व्हायचीच.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने करा. पहिला बाण, त्याच्या टोकापासून दुसरा, मग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेघ. निवडायला काही उरतच नाही. समभुज त्रिकोण तयार होतो, तिन्ही बाजू 10, आणि दोन दहांची बेरीज दहाच कशी हे डोळ्यांना दिसतं.

कटकट इथेही आहे, कोनाची. 120 हा शेपटं एकत्र असतानाचा कोन, त्रिकोणाच्या आत तो 60 होतो. नवीन माणूस हमखास आतच 120 मोजतो आणि परत तेच 17.3 हजर. मी पहिला बाण टोकाच्या पुढे तुटक रेषेने वाढवतो आणि 120 त्या रेषेपासून मोजतो, तेव्हापासून चुकलेलं आठवत नाही. पॅरलेलोग्राममध्ये कोन थेट मांडता येतो हे मान्यच. एकाच खिळ्याला दोन दोऱ्या ओढतायत असं चित्र असेल तर पॅरलेलोग्राम जास्त खरा वाटतो, न्यूटननेही 1687 मध्ये गतीच्या नियमांच्या लगेच खाली तोच मांडलाय.

पण तिसरा वेक्टर आला की चौकोनावर चौकोन चढतो आणि कुठली रेघ कशाची ते कळेनासं होतं. साखळीत फक्त एक बाण वाढतो, आणि साखळी फिरून सुरुवातीला येऊन मिळाली की बेरीज शून्य, हे एकही आकडा न मांडता समजतं.

पुढे कंपोनंट, म्हणजे वेक्टरचे x आणि y दिशेतले भाग, शिकावे लागतीलच, मोजून काढलेल्या आकृतीपेक्षा ते अचूक असतात. तेव्हाही बाजूला कच्ची साखळी काढत जा, कारण x उणे 3 आणि y 4 असताना कोन काढायला y भागिले x चा टॅन इन्व्हर्स घेतला तर कॅल्क्युलेटर उणे 53.1 अंश दाखवतो, आणि बाण खरा असतो 126.9 वर.