कोरोस पेस ३: उन्हाळा, पावसाळा आणि एक सातारा झाल्यावर

बऱ्याच जणांनी विचारलं की कोरोसचं हे पळण्याचं जीपीएस घड्याळ कसं आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घेतल्या घेतल्या लिहिणार होते, पण पहिल्या आठवड्यात कुठलंही घड्याळ भारीच वाटतं, आणि आपल्याकडे स्पोर्ट्स वॉचची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, म्हणून थांबले. आता उन्हाळ्याचा घाम, ठाण्याचा पाऊस आणि सप्टेंबरमधली सातारा हिल हाफ मॅरेथॉन, सगळं त्याच्यावरून गेलंय. मॉडेल तसं २०२३ चं आहे, बाजारात नवं नाही, माझ्या हातावर नवं.

आधी मत सांगते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. पळण्यासाठी हवं असेल तर डोळे मिटून घ्या. फोन उचलणं, घड्याळावरून पैसे देणं, झगमगीत स्क्रीन, हे हवं असेल तर हे तुमचं घड्याळ नाही, यात माइक नाही, स्पीकर नाही, पेमेंट नाही. गाणी चालतात पण एमपी३ फाइली स्वतः भराव्या लागतात, मी त्या भानगडीत पडलेच नाही.

वजनापासून सुरू करते कारण मला तेच सगळ्यात आधी जाणवलं. नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम, सिलिकॉनचा पट्टा लावला तर ३९. माझं मनगट बारीक आहे, मोठी घड्याळं हाडावर आपटत राहतात आणि पळताना मग सारखी वर सरकवावी लागतात. हे विसरायला होतं हातावर आहे ते. रात्री झोपतानाही काढत नाही. बायकांनी हा मुद्दा खरंच मनावर घ्या, दुकानात हातात धरून वजन कळत नाही, दहाव्या किलोमीटरला कळतं.

आता मुख्य मुद्दा, जीपीएस. मी घोडबंदर रोडच्या बाजूला राहते. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना लगेच कळेल, दोन्हीकडे उंच टॉवर, मधे मेट्रो ४ चे खांब आणि त्यावरचा पूल, आणि एका बाजूला येऊरचा डोंगर. सॅटेलाइटचा सिग्नल नीट मिळायला मोकळं आकाश लागतं आणि इथे मान वर केली तर आकाशाची पट्टी दिसते फक्त. माझं आधीचं घड्याळ (कंपनीचं नाव घेत नाही, जुनं मॉडेल होतं) त्या पुलाखालून जाताना मला कधी सर्व्हिस रोडवर तर कधी समोरच्या सोसायटीच्या आत पळवायचं, आणि पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) एकदम ४:३० दाखवायचं, जेव्हा मी साडेसातने चाललेली असायचे.

पेस ३ मध्ये ड्युअल फ्रिक्वेन्सी आहे आणि त्याच कारणासाठी मी हे घेतलं. साधं घड्याळ सॅटेलाइटचा एल१ हा एकच सिग्नल ऐकतं, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. हे सोबत एल५ पण ऐकतं, ११७६.४५ मेगाहर्ट्झचा. फरक काय पडतो, तर जीपीएसचा सॅटेलाइट वीसेक हजार किलोमीटर वरून जो सिग्नल पाठवतो तो थेट येतो तसा टॉवरच्या काचांवर आपटूनही येतो, आपटून आलेला जरा उशिरा पोचतो आणि घड्याळाचा हिशोब चुकतो. डोंगरात हाक मारल्यावर हाक आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळावेत तसं होतं ते. एल५ चा कोड एल१ च्या दहापट वेगाने चालतो, त्याचा एकेक तुकडा साधारण ३० मीटर लांबीचा पडतो आणि एल१ चा ३०० च्या आसपास, त्यामुळे खरा सिग्नल कुठला आणि आपटून आलेला कुठला हे वेगळं काढणं सोपं जातं.

प्रत्यक्षात काय झालं? मेट्रोच्या पुलाखाली ॲपमधल्या नकाशावरची रेघ अजूनही थोडी थरथरते, पण रस्त्याची बाजू सोडत नाही. आणि उपवन तलावाच्या कडेने मी जाताना एका बाजूने जाते आणि येताना दुसऱ्या, तर घरी येऊन ॲपमध्ये झूम केलं की दोन रेघा वेगवेगळ्या दिसतात, मधे जेमतेम रस्त्याएवढं अंतर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं!

फक्त ही सेटिंग आपण स्वतः चालू करायची असते, ते बघून घ्या. दुसरं म्हणजे निघायच्या आधी ॲपशी सिंक करा. सॅटेलाइट स्वतः कुठे आहे ही माहिती तो दर ३० सेकंदांनी पाठवत असतो, ती हवेतून नीट गोळा करायची तर टॉवरच्या सावलीत वेळ जातो, पण ॲपमधून पुढच्या काही दिवसांची माहिती आधीच घड्याळात उतरते आणि मग सोसायटीच्या गेटपाशी येईपर्यंत लॉक (सॅटेलाइटशी पक्की जुळणी) मिळालेला असतो. फोनशी बरेच दिवस गाठ घातली नाही की लॉकला वेळ लागणार, हे कुठल्याही ब्रँडला लागू आहे.

आणि एक, त्या क्षणाचा पेस म्हणून जो आकडा दिसतो त्याच्यावर पळू नका. तो झाडाखाली, वळणावर, पुलाखाली उड्या मारणारच, ड्युअल फ्रिक्वेन्सी असली तरी. मी स्क्रीनवर तीनच गोष्टी ठेवल्यात, चालू लॅपचा (म्हणजे चालू टप्प्याचा) सरासरी पेस, एकूण अंतर आणि हृदयाचे ठोके. पाच-सहा आकडे एका स्क्रीनवर बसतात, पण पळताना वाचता येत नाहीत, निदान चाळिशीनंतर तरी नाहीच.

इथे एक विषय निघतोच, रेसमधलं अंतर. आमच्या ग्रुपमधले एक काका दर रेसनंतर चिडतात की आयोजकांनी २१ च्या जागी साडेएकवीस किलोमीटर पळवलं, घड्याळ सांगतंय ना. काका, मनापासून सांगते, प्रमाणित कोर्स असेल तर घड्याळाने जास्त दाखवणं हेच नॉर्मल आहे. तो कोर्स सायकलच्या चाकाला लावलेल्या काउंटरने मोजतात, तेसुद्धा वळणांवर आतल्या कडेने, जो सगळ्यात कमी अंतराचा मार्ग असेल त्याने. वर एक हजारांश जादा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर, कोर्स चुकूनही कमी भरू नये म्हणून. आपण मात्र गर्दीत झिगझॅग करतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, वळण बाहेरून घेतो, त्यात जीपीएसची थरथर मिळवा. त्यामुळे लक्ष्य वेळेचा हिशोब घड्याळातल्या पेसवर बांधू नका, किलोमीटरच्या पाट्या बघून लॅप हाताने दाबा. पेस ३ वर लॅपचं स्वतंत्र बटण आहे, न बघता दाबता येतं, म्हणून हे जमतं.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी ट्रॅक रन मोड आहे, लेन निवडायची आणि तो ४०० मीटरच्या हिशोबात रेघ बसवतो. साध्या मोडमध्ये ट्रॅकवर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडी विश्रांती, पुन्हा जोरात) करून काही अर्थ नाही, गोल गोल फिरताना सगळ्याच घड्याळांची तारांबळ उडते.

ठोक्यांबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे आणि ते सगळ्याच कंपन्यांच्या मनगटी सेन्सरबद्दल आहे. हिरवा लाइट कातडीतून रक्ताचा प्रवाह बघतो, आणि हात हलत असताना हलण्याचा ताल आणि नाडीचा ताल यात त्याची गल्लत होऊ शकते. पावलं मिनिटाला १६५ पडतायत आणि ठोकेही बरोबर १६५ दिसतायत, तेही पहिल्याच किलोमीटरला निवांत पळताना, तर समजायचं की तो पावलं मोजतोय. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधलं की खूप सुधारतं. निवांत लांब रनला पुरेसं आहे. इंटरव्हल किंवा चढाचे रिपीट असतील तर छातीचा पट्टा लावा, तो हृदयाचा विद्युत सिग्नल थेट घेतो, त्याला हाताच्या हलण्याशी देणंघेणं नाही. पट्टा नको असेल तर दंडावर बांधायचा सेन्सर मिळतो, बायकांना तो जास्त सोयीचा पडतो.

आणि झोन, म्हणजे हळू ते जोरात अशा ठोक्यांच्या पायऱ्या, स्वतः ठरवा. २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाला दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि मग घड्याळ निवांत रनला टेम्पो (जोरातला रन) म्हणत बसतं आणि त्यावरून सगळा ट्रेनिंग लोड, म्हणजे सरावाचा एकूण ताण, चुकीचा निघतो. मी एक जोरदार पाच किलोमीटर पळून त्यातला सगळ्यात वरचा आकडा धरला आणि तिथून पुढे सगळं जागेवर आलं.

पावसाबद्दल लिहिते कारण कुठल्याच परदेशी रिव्ह्यूमध्ये हे सापडत नाही. जुलैत इथे जो पाऊस पडतो त्यात टचस्क्रीन हा प्रकार निरुपयोगी होतो, पाण्याचे थेंबच बोटासारखे वागायला लागतात. पेस ३ ला टच आहे, पण पळताना त्याच्यावाचून काहीच अडत नाही, बाजूची गोल चावी फिरवली की स्क्रीन बदलते, दाबली की चालू-बंद, ओल्या हाताने, सुरकुतलेल्या बोटांनी, सगळं होतं. स्क्रीन मेमरी-इन-पिक्सेल प्रकारची आहे, कायम चालू असते, उन्हात जितकं ऊन जास्त तितकी स्पष्ट. घरात मात्र फिकी दिसते, शेजारी ॲमोलेडवालं घड्याळ ठेवलं तर बिचारी वाटते. पहाटे साडेपाचला अंधारात हात वर केला की लाइट लागतो, मला पुरतं.

नायलॉनचा पट्टा पावसाळ्यात वाळत नाही, हे गृहीत धरा. ओला पट्टा दिवसभर हातावर ठेवला की कातडी लाल होते. २२ मिलिमीटरचा कुठलाही पट्टा बसतो, एक सिलिकॉनचा घेऊन ठेवा आणि जून ते सप्टेंबर तोच वापरा. आणि रोज पळून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धरा. हे नुसतं स्वच्छतेसाठी सांगत नाहीये, हवेचा दाब मोजायला घड्याळाला बारीक भोकं असतात, त्यात घामाचं मीठ साचलं की उंची चुकायला लागते.

उंचीचं गणित समजून घेतलं तर येऊरसारख्या चढावर हे घड्याळ फार उपयोगी आहे. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यावरून घड्याळ चढ मोजतं, जीपीएसच्या उंचीपेक्षा हे कितीतरी अचूक. पण पावसाआधी हवेचाच दाब उतरतो आणि घड्याळाला वाटतं आपण चढलो. गच्चीवर उभं राहून उंची वाढलेली दिसली तर घाबरू नका. एकूण चढाचा आकडा मात्र भरवशाचा येतो.

साताऱ्याला याचाच फायदा झाला. ज्यांनी ती रेस पळलीय त्यांना माहीत आहे, पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग त्याच रस्त्याने खाली. घाटात साधा पेस बघितला तर जीव रडकुंडीला येतो आणि माणूस उगाच जोर लावतो. मी चढाचा हिशोब धरून दाखवलेला पेस आणि छातीच्या पट्ट्याचे ठोके एवढंच स्क्रीनवर ठेवलं होतं. ठोके ठरवलेल्या आकड्याच्या वर गेले की चालायचं, खाली आले की पळायचं. बाजूने लोक धापा टाकत पुढे जात होते, तेच उतारावर पुन्हा भेटले. उतारावर मांड्यांमध्ये ताकद शिल्लक होती, हे माझ्यासाठी पहिल्यांदाच घडलं. घाटातल्या ढगांतही रेघ व्यवस्थित आलीय, ढगांनी जीपीएसला काही होत नाही, ओल्या दाट झाडीने होतं.

ट्रेकवाल्यांनी एक लक्षात घ्या, यात नकाशा नाही. जीपीएक्स (वाटेची आखलेली) फाइल टाकता येते, मग रिकाम्या स्क्रीनवर एक रेघ आणि तुम्ही, वाट सोडली की घड्याळ सूचना देतं. रस्त्यावर पळायला आणि मळलेल्या वाटेला हे पुरेसं आहे. पण सह्याद्रीत गुरांच्या वाटा कशा फुटतात हे वेगळं सांगायला नको, रेघ पन्नास मीटर डावीकडे दाखवतेय म्हणून सरळ डावीकडे वळलात तर मधे कडा आहे की कारवी आहे हे तिला माहीत नाही. त्यासाठी फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस, दोन्ही हवेत.

झोपेची नोंद, रक्तातला ऑक्सिजन वगैरे आहे, मी अधूनमधून बघते. ॲप फुकट आहे, वर्गणी नाही. रेसच्या वेळेचा अंदाज देतं तो आपल्या दमट हवेत मला नेहमी जरा जास्तच आशावादी वाटलाय, ठाण्याच्या ऑक्टोबरला त्यात पाच-सात मिनिटं घालून वाचा.

बॅटरीवर लिहायलाच हवं. कंपनी नुसत्या रोजच्या वापराला २४ दिवस सांगते, साध्या जीपीएसवर ३८ तास, सगळे सॅटेलाइट चालू ठेवले तर २५ आणि त्यात ड्युअल फ्रिक्वेन्सी घेतली तर १५. मी आठवड्यातून चारदा ड्युअलवरच पळते आणि तरी चार्जर दोन आठवड्यांनी एकदा लागतो. चार्जरची वायर त्यांचीच खास आहे, टाइप-सी चालत नाही, गावी जाताना आठवणीने घ्या. जानेवारीत तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, आमच्यातले चौघं पहिल्यांदाच पूर्ण पळणार आहेत आणि बॅटरी वाचवायला साध्या जीपीएसवर ठेवू का असं विचारतायत. काही गरज नाही. सहा तास लागले तरी ड्युअलवर अर्धीसुद्धा संपणार नाही, बिनधास्त ड्युअलवर ठेवा, फक्त लॅप आपोआप न ठेवता हाताने लावा आणि सीएसएमटीच्या गर्दीत उभं राहायच्या आधीच लॉक घेऊन ठेवा.