एअर ट्रॅक की चाकांची गाडी?

'यंदा फिजिक्सच्या लॅबला टकरींच्या प्रयोगासाठी काहीतरी घ्या' असं प्राचार्यांनी म्हटलं की गाडी शेवटी याच दोन गोष्टींवर येते. हवेवर तरंगणारा एअर ट्रॅक, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या रुळावर धावणाऱ्या बेअरिंगच्या गाड्या. मी दोन्ही वापरलेत. ट्रॅक सहा वर्षं, गाड्या गेली चार वर्षं. लांबी, वजन, सोबत काय-काय येतं ते कोटेशनमध्ये असतंच, ते इथे उगाळत नाही.

आधी ट्रॅकबद्दल, कारण त्याच्यावर अन्याय करायचा नाहीये. ग्लायडर, म्हणजे ट्रॅकवरची बिनचाकांची गाडी, हवेने एकदा उचलला गेला की घर्षण जवळजवळ संपतंच. इतकं, की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी त्रास द्यायला लागतात. आमची प्रयोगशाळा जुन्या इमारतीत, खाली शहाबादी फरशी, टेबलाचा एक पाय कायम अधांतरी. दोन मीटरच्या ट्रॅकचं एक टोक नुसतं एक मिलिमीटर वर राहिलं, तरी सोडून दिलेला ग्लायडर दहा सेकंदांत वीतभर चालत जातो. साध्या स्पिरिट लेव्हलवर एवढा उतार धड दिसतही नाही. मी शेवटी ग्लायडरलाच लेव्हल मानायला लागलो. तो मधोमध सोडायचा, हात काढायचा, आणि जिकडे निघेल तिकडचा स्क्रू फिरवायचा. हवा येण्याच्या बारीक भोकांत धूळ बसते ती टाचणीने काढायची. हे सगळं मी आनंदाने करत होतो.

मला नको झालं ते ट्रॅकमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरमुळे.

घरात व्हॅक्युम क्लीनर चालू असताना फोनवर बोलून बघा. अकरावीला टकरी शिकवणं म्हणजे तेच, फक्त समोर साठ जण. टक्कर अर्ध्या सेकंदात उरकते. खरा तास तिच्या आधीचा असतो. हातात ग्लायडर धरून विचारायचं, 'उभा आहे त्याचं काय होईल? आणि येतोय त्याचं?' मग मागच्या बाकावरून कुणीतरी ठाम चुकीचं उत्तर देणार, पुढचा त्याला खोडणार, दोघांची जुंपणार, आणि तेव्हा धक्का द्यायचा. ब्लोअरच्या घरघरीत यातलं काही होत नाही. मी ओरडतो, मुलं माना डोलावतात. एकदा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी काहीतरी पुटपुटली. मी दोनदा 'काय?' म्हणालो. तिसऱ्यांदा तिने 'काही नाही सर' म्हणून विषय संपवला. मधल्या सुट्टीत जिन्यात गाठून विचारलं, तर तिचा प्रश्न असा होता: दोन्ही ग्लायडर चिकटून गेले तर संवेग तेवढाच राहतो, मग अर्धी गतिज ऊर्जा गेली कुठे? त्या अख्ख्या तासात विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता आणि तो जिन्यात विचारला गेला.

बोलताना ब्लोअर बंद का नाही करत, असं तुम्ही म्हणाल. केला की ग्लायडर ट्रॅकवर बसतो. मग कुणाचा तरी हात लागून तो तसाच सरकतो आणि ट्रॅकवर ओरखडा पडतो. म्हणून चालूच ठेवायचा. शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या मॅडम एकदाही बोलल्या नाहीत. दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. पुण्यात तेवढं पुरतं.

गाड्यांचा दोष लपवण्यात अर्थ नाही. त्यांना घर्षण आहे आणि ते दिसतं. सारख्या वस्तुमानाच्या दोन गाड्या व्हेलक्रोने चिकटल्या की वेग निम्मा व्हायला हवा. आमच्याकडे हमखास निम्म्याहून जरा कमीच भरतो. माझ्यापुरता इलाज म्हणजे फोटोगेट (गाडीने प्रकाशकिरण अडवला की वेळ मोजणारी चौकट) टकरीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जमतील तेवढे जवळ लावायचे, म्हणजे मधल्या अंतरात गाडीला फारसं गमावता येत नाही. काही जण रूळ किंचित तिरका करून घर्षण भरून काढतात. एकाच दिशेने जायचं असेल तर ठीक. पण हलकी गाडी जड गाडीवर आपटून उलटी फिरली, की तिला घर्षण आणि चढ दोन्ही आडवे येतात. अशा टकरींना रूळ सपाटच बरा, आणि घर्षणाचा हिशेब मुलांपुढे उघडा मांडावा.

गाड्यांची जी गोष्ट मला मोहात पाडते ती मात्र कोटेशनमध्ये सापडणार नाही. चुंबक समोरासमोर ठेवून हलका धक्का दिला तर येणारी गाडी थांबते, उभी असलेली निघते, आणि दोघी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. वर्ग गप्प होतो. धक्का जोरात दिला तर चुंबक हरतात आणि 'टक्' असा आवाज येतो. मुलं लगेच ओरडतात, 'सर, हे रीडिंग गेलं!' स्थितिस्थापक टक्कर, म्हणजे गतिज ऊर्जा न गमावणारी, बिघडल्याचं त्यांना कानाने कळतं. ब्लोअर असता तर ते 'टक्' माझ्यापर्यंतसुद्धा पोचलं नसतं. गुरुवारी लाइट गेली तरी प्रयोग थांबत नाही, हा वरचा फायदा.

बजेटच नसेल तर तिसरी वाट आहे. स्लायडिंग खिडकीचं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि नाना पेठेतून आणलेली 608 नंबरची बेअरिंगं, तीच जी स्केटबोर्डला लागतात. आतलं ग्रीस रॉकेलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की चाक बोटावर कितीतरी वेळ फिरत राहतं. नववीला दाखवायला झकास. पण गाड्या किंचित वाकड्या धावतात आणि तिरप्या आपटतात, म्हणून रीडिंगसाठी मी तिच्या वाटेला जाणार नाही.

बी.एस्सी.ची प्रयोगशाळा असेल, एका वेळी दोन-तीनच विद्यार्थी असतील आणि लांब पाइप लावून ब्लोअर खिडकीबाहेर ठेवता येत असेल, तर ट्रॅक घ्या. माझं म्हणणं मध्ये आणू नका. मंद वेगाच्या टकरींना त्याला तोड नाही, आणि स्प्रिंगची दोलनं गाडीवर थोड्याच फेऱ्यांत विझतात ती ट्रॅकवर मोजून कंटाळा येईपर्यंत चालतात. पण साठ जणांच्या वर्गात शिकवायचं असेल तर मला वाटतं गाड्याच बघाव्यात, आणि घेण्याआधी दुकानदाराला ब्लोअर एकदा चालू करायला सांगावं. पाच मिनिटं, त्याच्याशी बोलत बोलत.

आमचा ट्रॅक आहे अजून, कपाटावर. वर्षातून दोनदा दोलनांसाठी खाली काढतो, तेही मॅडमचा वर्ग रिकामा असेल तेव्हा.