भाड्याचा टर्बाइन व्हेंटिलेटर: एआरडीएसच्या पेशंटला कितपत चालतो?

मुंबईच्या उपनगरांतली छोटी नर्सिंग होम आयसीयूची मशीन महिन्याच्या भाड्याने घेतात, त्यातलंच हे एक. टर्बाइन असल्यामुळे हवेची पाइपलाइन लागत नाही, ऑक्सिजनची लाइन पुरते. फुफ्फुस धड असलेल्या पेशंटला ते छान चालतं. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुफ्फुसं सुजून कडक होतात आणि ऑक्सिजन घसरतो त्या आजारात, मात्र आमची पहिली कसोटी एकच: प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून हवा थांबली असतानाचा फुफ्फुसातला दाब, पटकन आणि खरं मोजता येतं का?

मोजता येतं, पण कटकट आहे. त्यासाठी श्वास आत रोखून धरणारा इन्स्पिरेटरी होल्ड मेनूत खोल दडवलाय आणि आकडा काही सेकंदांत पुसला जातो. रात्रपाळीच्या सिस्टरने लगेच चार्टवर लिहिला नाही, तर गेला. होल्ड व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये (मशीन दर श्वासाला ठरलेली हवा देतं तो मोड), अर्धा सेकंद, पेशंट स्वतः श्वास ओढत नसतानाच घ्यावा. ओढत असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. श्वासनळीतल्या ट्यूबभोवतीचा फुगा (कफ) गळत असला की प्लॅटो कमी दिसतो आणि सगळे उगाच निर्धास्त राहतात. प्लॅटो 30 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाच्या आत हवा. पीक (हवा आत शिरतानाचा सर्वोच्च दाब) वाढलाय पण प्लॅटो तेवढाच आहे, तर आधी स्राव, दुमडलेली किंवा चावलेली ट्यूब बघा. दोन्ही एकदम चढले, तर न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) किंवा उजव्या ब्रॉन्कसमध्ये, म्हणजे उजव्या फुफ्फुसाच्या नळीत, सरकलेली ट्यूब.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे मशीन सुरू होताच टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा) 500 मिलीवर असतो. तो पेशंटच्या वजनावर ठरतो, आणि ते वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढायचं: सेंटीमीटरमधल्या उंचीतून 152.4 वजा, गुणिले 0.91, त्यात पुरुषाला 50 आणि बाईला 45.5 मिळवायचे. 150 सेंटीमीटर उंचीची बाई प्रत्यक्षात 75 किलोची असली तरी हिशेबाला 43 किलोच. किलोमागे 6 मिली धरले की साधारण 260 मिली. तिला 500 दिले तर किलोमागे साडेअकरा मिली होतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएस नेटवर्कच्या चाचणीत 12 मिलीच्या गटात 39.8 टक्के पेशंट दगावले, 6 मिलीच्या गटात 31 टक्के. असा डिफॉल्ट ठेवून मशीन वॉर्डात पाठवणं आम्हाला अक्षम्य वाटतं. इन्स्टॉलेशनलाच तो बदलून घ्या.

पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, मात्र हे मशीन उत्तम धरतं, सक्शनच्या वेळीसुद्धा, अट एवढीच की क्लोज्ड सक्शन (सर्किट न सोडता स्राव ओढणं) वापरा. ड्रायव्हिंग प्रेशर, म्हणजे प्लॅटो आणि पीपमधला फरक, स्क्रीनवर येत नाही, प्लॅटोतून पीप हाताने वजा करा. 28 वजा 12 म्हणजे 16, थोडं जास्तच. पीप 14 केल्यावर प्लॅटो 29 आला तर फरक 15, म्हणजे फुफ्फुस उघडतंय. 33 आला तर ते ताणलं जातंय, पीप मागे घ्या.

सोबत मिळणारा एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातली ऊब आणि ओल धरून परत देणारा) या पेशंटना नको. त्याची पोकळी साधारण 50 मिली, 260 च्या श्वासात जवळजवळ पाचवा हिस्सा वाया. कार्बन डायऑक्साइड चढतो आणि मग कुणीतरी व्हॉल्यूम वाढवतो. हीटेड ह्युमिडिफायर (हवा गरम आणि दमट करणारं यंत्र) मागा, पण तारेचं सर्किट, म्हणजे आत तापणारी तार असलेल्या नळ्या, घेऊनच. साध्या सर्किटमध्ये एसीच्या गारव्याने पाणी साचतं, ते डुचमळलं की मशीनला पेशंटचा श्वास वाटतो आणि रेट आपोआप वाढतो.

पुरवठादार तारेचं सर्किट द्यायला तयार नसेल, तर एआरडीएससाठी हे मशीन घेऊ नका.