मिसिसिपीवरची दोन गाणी: खोली मोजणाऱ्याचं आणि हमालाचं

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर, वाफेच्या बोटीवर खोली मोजणारा शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायचा आणि आकडा लांब सुरात पायलटला कळवायचा. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन वाव, १२ फूट. ऐकायला सुंदर, पण शब्द ठरलेले. चुकले तर बोट गाळात.

मला हमालांचं गाणं जास्त भिडतं. बहुतेक कृष्णवर्णीय. गुलामी संपल्यावरही मुकादमाच्या शिव्या खात, कापसाच्या जडशीळ गाठी हलत्या फळीवरून बोटीत चढवणारे. फळीच्या हेलकाव्याशी पाऊल जुळावं म्हणून ताल. शब्द मात्र त्यांचे स्वतःचे. बोटींची नावं, धक्क्यावरची प्रेमं, मुकादमावरचा राग, सगळं त्यात. लाफ्काडिओ हर्न या पत्रकारानं १८७६ मध्ये मिसिसिपीला मिळणाऱ्या ओहायो नदीकाठी, सिनसिनाटीच्या धक्क्यावर अशी गाणी टिपून छापली.