तीन लिटरचा 'बेटा क्यूब': काच उत्तम, पण माशासाठी घेऊ नका

हा क्यूब माझ्याकडे साडेतीन महिने आहे. त्यातले सात आठवडे त्यात बेटा, म्हणजे आपला फायटर मासा, राहत होता. ते सात आठवडे मी त्याला द्यायला नको होते.

आधी खोक्यात काय मिळतं ते सांगते. पंधरा सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा काचेचा टँक, दिवा बसवलेलं झाकण, पांढऱ्या खड्यांची पुडी आणि एक प्लॅस्टिकचं झुडूप. काच आरपार स्वच्छ, सांधे नीट भरलेले, एकदाही गळला नाही. फिल्टर नाही, हीटर नाही आणि ते नंतर आणून बसवावेत एवढी जागाही नाही. खोक्यावर पिसारा फुलवलेल्या नराचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'बेटासाठी आदर्श'.

'तीन लिटर' हा आकडाही तपासून घ्या. मी मापाच्या भांड्याने पाणी ओतलं. तळाला खडे घातले आणि वर श्वास घ्यायला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळे ठेवले, तर आत मावलं २.१ लिटर. तांब्या-दोन तांबे पाणी. माझा मासा, नाव निळ्या, शेपटीसकट सहा सेंटिमीटरचा. दोनदा अंग हलवलं की समोर काच.

पहिले दहा दिवस छान गेले. मग त्याने पर मिटून घेतले. शेपटीची कड आधी काळपट झाली, मग झिजल्यासारखी दिसू लागली. दिवसभर तळाशी पडून राहायचा, मधूनच वर येऊन हवेचा घोट घेऊन परत खाली. मला वाटलं पाणी घाण झालं असेल, म्हणून दर तिसऱ्या दिवशी सगळं पाणी ओतून टाकायला लागले. खडेसुद्धा नळाखाली चोळून धुवायचे. क्लोरीन काढायचं औषध न चुकता घालत होते. तरी तो सुधारेना.

तेव्हा थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं टेस्ट किट आणलं. पाणी बदलल्यावर तिसऱ्या दिवशी रंग आला लिटरमागे १ मिलिग्रॅमचा. तो शून्य असायला हवा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. एका माशाचा रोजचा अमोनिया वीस लिटरमध्ये मिसळला तर जेवढा दाट होईल, त्याच्या जवळजवळ दहापट तो दोन लिटरमध्ये होतो. न खाल्लेला एक दाणाही तिथे जड पडतो. भरलेल्या टँकमध्ये काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्यामानाने खूप सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी दर तीन दिवसांनी जी काही वस्ती धरत होती तीही धुऊन टाकत होते. आणि न धुवावं, तर तोवर मासा अमोनियात भाजून निघतोय. एवढ्याशा पाण्यात या कोंडीतून वाट नाही.

तापमानाचंही तेच. बेटाला २४ ते २८ अंश सेल्सिअस, तेही स्थिर, असं पाणी लागतं. मी छोटा थर्मामीटर चिकटवला आणि दोन दिवस नोंद ठेवली: दुपारी २९, पहाटे २३. थोडं पाणी खोलीबरोबर तापतं आणि खोलीबरोबर गार होतं. हीटर टाकावा, तर इतक्या कमी पाण्यात थर्मोस्टॅट अडकला तर मासा शिजायला फार वेळ लागणार नाही. शिवाय पाणी कोमट आणि क्षारीय असेल, तर अमोनियाचा विषारी हिस्सा आणखी वाढतो.

'बेटा थोड्याशा पाण्यातही राहतो' हे मला विक्रेत्याने सांगितलं होतं, आणि त्यामागे अर्धं खरं आहे. कल्ल्यांच्या वर त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून ज्या साचलेल्या पाण्यात दुसरे मासे गुदमरतील तिथे हा तगतो. पण अमोनिया त्याचे कल्ले आणि कातडी जाळतच असतो, त्यावर लॅबिरिंथचा काही उपाय नाही. त्याचं हे तगणं बघून आपण त्याला कपात ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं. दुकानात नर वेगवेगळ्या ग्लासांत ठेवतात ते एकमेकांना फाडतील म्हणून. ती विक्रीपुरती सोय आहे, घर नाही.

'निसर्गात तो डबक्यातच असतो' हेही ऐकलं. बेटा स्प्लेंडेन्स मूळचा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांचा आणि दलदलीचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं. खाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते पसरलेलं असतं. झाडोऱ्यात लपायला जागा असते, दुसरा नर दिसला तर पळायला वाट असते. उन्हाळ्यात पाणी आटून खरोखरच डबकं उरतं, तो त्याचा कठीण काळ. आपण तोच त्याला बारा महिने देतो.

आठव्या आठवड्यात निळ्याला ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये हलवलं, त्यात साधारण तीस लिटर पाणी मावतं. जिवाणूंची वस्ती आयती मिळावी म्हणून माझ्या जुन्या टँकमधला चालू स्पंज फिल्टर उचलून त्यात लावला. हवेचा पंप मंद ठेवला, कारण लांब परांच्या माशाला जोराचा प्रवाह झेपत नाही. पन्नास वॅटचा हीटर, जावा फर्न ही पाणवनस्पती, एक लाकडाचा ओंडका. तीन आठवड्यांत शेपटीच्या कडेला नवा, पारदर्शक पडदा फुटू लागला. अमोनिया तेव्हापासून शून्य. आता आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी सायफनने काढते आणि तेवढंच भरते. म्हणजे छोटा टँक सांभाळायला सोपा हे साफ चूक आहे, क्यूबसाठी मी आठवड्याला याच्या दुप्पट वेळ देत होते. जागा कमी असेल तर वीस लिटरच्या आसपासचा घ्या, त्याखाली जाऊ नका.

एक गोष्ट अजून. क्यूबमध्ये असताना निळ्याने दोनदा बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं आणि मी ते बघून निश्चिंत झाले होते. प्रौढ नर हाल होत असतानाही घरटं बांधतो. त्यावर विसंबू नका. पर उघडे आहेत का, पोहतो का, खायला धावत येतो का, ते बघा.

काचेच्या कामाला पाचपैकी चार तारे, बेटाचं घर म्हणून एकही नाही. क्यूब मी फेकला नाही. खिडकीत ठेवलाय, त्यात अनुबियास या पाणवनस्पतीचे तुकडे मुळं धरतायत आणि दिवा त्यांना पुरतो. बनवणाऱ्यांनी हाच टँक पाणवनस्पतींसाठी म्हणून विकावा. खोक्यावरचा तो माशाचा फोटो तेवढा काढावा.